शोधण्यापुरता उजेड

सोमाकाकाचा दहावा सकाळीच उरकला. धरणाच्या फुगवट्याच्या कडेला पिंड ठेवले आणि कावळा लगेच शिवला. ‘सोमानं काय बी मागं ठेवलं न्हाई,’ असं बायका आपसांत बोलल्या. दुपारी जेवणं झाली, पाहुणे जीपगाड्यांतून घोडेगावच्या दिशेनं उतरले, आणि ओट्यावर आई, काकाची सून आणि मी अशा तिघीच उरलो. मला ओतूरला परतायचं होतं, पण गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. मी आईला म्हटलं, “जरा वर जाऊन येते.” वर म्हणजे कुठं, हे तिनं विचारलं नाही.

मार्गशीर्ष सरत आला होता. खाचरांतला भात कापून नेलेला. नुसती खुंटं राहिलेली आणि त्यांतून येणारा पेंढ्याचा गोडसर, थोडा कुबट वास. हा वास ओतूरला येत नाही. तिथं बाजाराच्या दिवशी कांद्याचा येतो, एरवी डिझेलचा. वाट मात्र पायांच्या ओळखीची होती. आता तिच्या तोंडाशी वनखात्याची पाटी आहे, ओढ्याच्या वळणावर जनावरांसाठी सिमेंटची टाकी बांधली आहे आणि समोरच्या जांभळीला आपोआप फोटो काढणारा कॅमेरा लावला आहे. मी त्याच्यासमोरून गेले. माझाही फोटो निघाला असेल: पन्नाशीची बाई, डोक्यावर पदर, चपला हातात.

टाकीच्या पलीकडचा सपाट खडक अजून तसाच आहे. मी त्यावर बसले. ऊन समोरच्या कड्यावर चढत चाललं होतं आणि ओढ्यात सावली आली होती. ओल्या दगडाचा, कुजलेल्या पानांचा वास नाकात शिरला आणि एकदम बा आठवला. बा आठवला म्हणजे सोमाकाका आलाच. लहानपणी ते दोघं मला कधी वेगळे दिसले नाहीत.

आमचं घर तेव्हा कारवीच्या कुडाचं होतं. कारवीच्या काठ्या उभ्या रोवून वर शेणमातीचा लेप. पावसाळ्यात लेप ओला होई आणि घरभर गोठ्यासारखा ऊबदार वास भरून राही. चैत्र-वैशाखात अंगणात बाळहिरडा वाळत पडलेला असे, त्यानं जीभ न लावताच तोंड तुरट व्हायचं. भाद्रपदात नाचणीची कणसं वळायला लागली की बा आणि काका पाळीपाळीनं शेतातल्या मचाणावर राखणीला जात. काका मचाणावरून गाणी म्हणायचा. रानडुकरं त्यानं पळायची की नाही कुणास ठाऊक, पण खालच्या वाडीतली माणसं दुसऱ्या दिवशी मला वाटेत गाठून विचारायची, “काल सोमा मधीच का थांबला गं?”

आई लग्न होऊन आली तेव्हा काका उघडा फिरायचा इतका लहान होता. त्याची आई गेलेली. आईनंच त्याला न्हाऊ घातलं, त्याच्या डोक्यातल्या उवा मारल्या, त्याला भाकरी मोडून दूध घातलं. मी जन्मले तेव्हा तो मला कडेवर घेऊन गावभर दाखवत फिरला, असं आई सांगायची. तो तिला वैनी म्हणायचा, पण त्या शब्दात आईच असायची.

कुडाला बाचा तिरकमठा टांगलेला असे. वेळूचा कामठा, वाखाची वळलेली दोरी, आणि आठ-दहा बाण, त्यांची लोखंडी पाती घोडेगावच्या बाजारातून करून आणलेली. शिकारीला कायद्यानं बंदी तेव्हाही होती आणि ती गावात सगळ्यांना ठाऊक होती. तरी वर्षाकाठी कधीतरी, पिकात डुकरं फारच आली किंवा घरात महिनोन् महिने मटण शिजलं नाही की, दोघं भाऊ दुपारीच रानात जायचे. त्याचं समर्थन मी करत नाही. तेव्हा ते तसं होतं एवढंच सांगते.

बा फार वेळा रिकाम्या हातानं परत यायचा. कारण उजेड कमी झाला की तो कामठ्याची दोरी उतरवायचा. जनावर समोर उभं असलं तरी उतरवायचा. त्याची एक खूण होती: समोरच्या कारवीच्या पानांच्या कडा वेगवेगळ्या दिसेनाशा झाल्या, नुसता हिरवा ढीग दिसायला लागला, की झालं. काका चिडायचा. अंगणात हातपाय धुताना त्यांचं हेच बोलणं चालायचं आणि मी चुलीपुढं बसून ऐकायचे.

“दादा, एवढा उजेड व्हता की. मला त्याचे कान दिसत व्हते.”

“मारायपुरता व्हता,” बा म्हणायचा. “बाण लागला म्हंजी जनावर जागेवर पडत न्हाई सोमा. पळतं. कुठं पळालं, कुठं पडलं, ते हुडकाय उजेड लागतो. मारायला थोडा पुरतो, हुडकायला लई लागतो.”

“आन उद्याला हुडकलं तर?”

“रातभर ते काय करंल?”

काका ओंजळ भरून घ्यायचा. तोंडावर पाणी मारायचा आणि जेवायला बसायचा. जेवताना पुन्हा हसायचा, माझ्या ताटातली मिरची पळवायचा. तेव्हा मला ते दोघा भावांतलं नेहमीचं बोलणं वाटायचं, बैल डावीकडं जुंपायचा की उजवीकडं, तसलं.

त्या वर्षी कारवी फुलली होती. सात वर्षांनी एकदा फुलते ती. श्रावणात डोंगर जांभळा झाला होता आणि मधमाश्यांचा आवाज एवढा की घरात बसून ऐकू यायचा. त्याच श्रावणात आईला मूल झालं आणि ते रडलंच नाही. मुलगा होता. बानं त्याला कापडात गुंडाळून नेलं. त्यानंतर आई उठली नाही. म्हणजे उठायची, चुलीपर्यंत जायची आणि भिंतीला टेकून बसायची. तिच्या ओठांचा रंग गेला होता. केस विंचरले की फणीत पुंजके यायचे. मी पंधरा वर्षांची होते. भाकऱ्या मी थापायचे आणि ती माझ्या हातांकडं बघत बसायची, पण काही बघत नसायची.

तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, हिला अंडी घाला, मटण घाला, अंगात रक्त नाही. शेजारणींनी जमेल तशी अंडी आणून दिली. कोंबड्या होत्या त्या आधीच कापून झाल्या होत्या. आई दोन घास खाऊन ताट सरकवायची. काका रोज संध्याकाळी तिच्यापुढं उकिडवा बसायचा. “वैनी, काय खाऊशी वाटतंया?” ती मान हलवायची. एकदा मात्र म्हणाली, “सोमा, तुमी मागं भेकर आनलं व्हतं बघ. त्याचा रस्सा केला व्हता मी.” एवढंच. ती मागत नव्हती, नुसतं आठवत होती. पण इतक्या दिवसांत तिला काहीतरी आठवलं होतं.

दिवाळी होऊन गेली होती. भात पिवळा पडून वाकला होता आणि दोन-चार दिवसांत कापणीला लागायचं होतं. आईला भेकर आठवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी दोघं भाऊ निघाले. मी त्यांना शिदोरी दिली. काका अंगणातून ओरडला, “मसाला वाटून ठेव गं बाय!” मी खरंच वाटून ठेवला. पाट्यावर खोबरं, मिरे, सुकी मिरची. घरात कितीतरी दिवसांनी तो वास उठला आणि आईनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

त्या संध्याकाळी या खडकाजवळ काय झालं ते मी बघितलं नाही. पुढं दोघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं, पण दोघांचं सांगणं सारखंच होतं. दुपारभर काही आलं नाही. ऊन कड्यावरून गेलं. बानं दोरी उतरवली आणि काकाला खुणेनं सांगितलं, चल. तेवढ्यात पलीकडच्या काठावर एक भेकर, लहानसं हरीण, पाण्याला उतरलं. मादी होती. काकानं बाण लावला. बा त्याच्या कानाशी म्हणाला, “सोमा, ऱ्हाऊ दे.” आणि काकानं सोडला.

बाण लागल्याचा आवाज दोघांनाही आला. मग कारवीतून काहीतरी फुटत गेल्याचा. मग काहीच नाही.

ते घरी आले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. काका अंगणातच बसला. बा उभाच होता.

“दिसत व्हतं मला दादा.”

“मलाबी दिसत व्हतं,” बा म्हणाला. “पण काय दिसत व्हतं?”

मी वाटलेला मसाला झाकून ठेवला. सकाळी त्यावर बुरशी नव्हती, काही नव्हतं, चांगला होता. तरी मी तो उकिरड्यावर टाकला.

पहाटे दोघं निघाले तेव्हा मीही गेले. मला कुणी नको म्हणालं नाही. खडकापासून थोड्या अंतरावर कारवीच्या पानावर रक्त होतं, वाळून काळं झालेलं, पैशाएवढं. पुढं आणखी एक थेंब. एका खोडाला चार राठ तांबूस केस चिकटलेले. मग मोडलेला बाण सापडला. अर्धाच, पात्याकडचा भाग नव्हता. बानं तो हातात घेऊन वास घेतला, उजेडाकडं धरून बघितला. “पोटात न्हाई,” तो म्हणाला. “खांद्यात हाय. पात्यासकट.” मग रक्त संपलं. आम्ही ओढ्याच्या दोन्ही काठांनी गेलो, जाळ्यांत वाकून बघितलं, दगडांच्या कपारी बघितल्या. माझे हात कारवीच्या चिकानं चिकट झाले होते. काका मधूनच थांबायचा आणि कान देऊन उभा राहायचा. 

दुसऱ्या दिवशीही ते गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. शेतात भात पिकून गळायला लागला. शेवटी शेजाऱ्यांनी आपणहून विळे घेतले आणि आमची खाचरं कापून दिली. तरी बा जातच होता. एका सकाळी तो निघताना आई उठून दारापर्यंत आली, चौकटीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, “माज्यासाठी गेला व्हता ना तुमी? मग माजं ऐका. बास करा.” श्रावणानंतर ती आपणहून एवढं पहिल्यांदाच बोलली होती. बा त्या दिवशी गेला नाही.

भातानंतर खाचरांतल्या ओलीवर आम्ही हरभरा पेरला. तो वीतभर झाला तेव्हा एका सकाळी काका पळत घरी आला. “वैनी, ती हाय! जित्ती हाय!” बांधाच्या चिखलात खूर उमटले होते. तीन खूर नीट आणि चौथ्याच्या जागी ओढल्याची रेघ.

त्या हिवाळ्यातल्या सकाळी मला अजून आठवतात. धुकं खालच्या धरणावर कापसासारखं पडलेलं. चुलीत ओलं लाकूड, डोळ्यांत धूर, नाचणीची आंबील रटरटायची. काका मचाणावरून उतरून यायचा आणि दारातूनच सांगायचा, “आली व्हती.” आई विचारायची, “किती खाल्लं?” “लई न्हाई. कडंकडंनं.” हरभऱ्याची राखण करायला गेलेला माणूस भेकराला हरभरा चारत होता, आणि आई त्याचा हिशेब रोज विचारत होती. मग ती आंबिलीची वाटी हातात घ्यायची. बोलता बोलता ती संपवायची. तिच्या ओठांवर रंग त्याच दिवसांत परत आला. संध्याकाळी रानातून भेकराचं भुंकणं ऐकू आलं, ते कुत्र्यासारखंच पण घोगरं, की घरातले सगळे हातातलं काम थांबवायचे. तीच असेल असं काही नव्हतं. तरी थांबायचे.

बा एकटाच त्यात नव्हता. तोही खूर बघून आला होता. रोज बघून यायचा. रेघ दिवसेंदिवस लांब होत चालली होती, असं त्यानं फक्त एकदा म्हटलं.

एका सकाळी, ऊन चांगलं वर आलेलं असताना, त्यानं कुडावरून तिरकमठा उतरवला. दोरी ताणून बघितली. पाती दगडावर घासली. काका गोठ्यातून बाहेर आला आणि त्याच्या वाटेत उभा राहिला.

“कुठं दादा?”

“हुडकाय. दिसाउजेडी. जवळ जाईन, एक बाण लावीन. तू अर्धं सोडलंय ते पुरं कराय पायजे.”

“ती जगतीया दादा!”

“जगत न्हाई. तरास काढतीया. लोखंड हाय तिच्या अंगात.”

“रोज चरती. मी बगतो रोज.”

“कवा बगतोस?” बा म्हणाला. “संध्याकाळचं बगतोस. आंधारात. दिवसा बगितलीस का कदी?”

काकानं त्याचा कामठा दोन्ही हातांनी धरला. ओढला नाही, नुसता धरून राहिला. तो रडत होता. एवढा मोठा दांडगा माणूस, नाक वाहतंय, पुसत नाही. “वैनी जेवाय लागली तिच्यामुळं,” तो म्हणाला. “तिला मारू नगंस.”

आई दारात होती. मी तिच्या मागं. बानं तिच्याकडं बघितलं. तिनं मान खाली घातली. बानं कामठा सोडून दिला, तो काकाच्या हातात राहिला. मग बा विळा घेऊन गवताला गेला. त्यानंतर त्यानं कधीही तिरकमठ्याला हात लावला नाही. होळीच्या दिवशी काकानंच तो आणि सगळे बाण होळीत घातले. वेळू फुटताना फटाक्यासारखा वाजतो. पोरं हसली.

फाल्गुनात हरभरा निघाला, शेतं उघडी पडली, ती यायची थांबली. चैत्रात ओढा आटत आला. एक दिवस दुपारी काका घरी आला आणि बाला म्हणाला, “दादा, चल.” दोघं गेले. मी आणि आई ओट्यावर हिरडा निवडत बसलो. ते संध्याकाळच्या आत परत आले. काकाचे हात कोपरापर्यंत मातीनं भरले होते.

बानं सांगितलं नाही. काकानं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, मी बाळंतपणाला माहेरी आले होते तेव्हा, माझ्या तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन. ओढ्यात शेवटचं पाणी जिथं राहिलं होतं तिथं ती पडून होती. जिवंत होती. उठता येत नव्हतं. खांदा सडला होता, त्यात किडे वळवळत होते. तिची फासळी न् फासळी दिसत होती. चारा खाऊन ती जगली नव्हती, नुसती मरायची राहिली होती. काका तिला बघून बाला बोलवायला आला. त्याच्यानं ते होणार नव्हतं. बा गेला, तिच्या डोळ्यांवर फडकं टाकलं आणि विळ्यानं जे करायचं ते केलं. मग दोघांनी खड्डा खणला.

“दादा मला एक शब्द बोलला न्हाई,” काका म्हणाला. “शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यो बरोबर व्हता बाय. दोन्ही येळंला त्योच बरोबर व्हता.”

त्यानंतर दोघं भाऊ वीस-बावीस वर्षं एकाच घरात राहिले. एका खाचरात लावणी केली, एका ताटात जेवले नाहीत एवढंच. भांडण नव्हतं. भांडण असतं तर कधीतरी मिटलं असतं. बा कामापुरतं बोलायचा: बैल सोड, पाणी लाव, बाजाराला जाऊन ये. काकाचं गाणं गेलं. तो वनखात्याच्या रोजंदारीवर लागला आणि दर उन्हाळ्यात डोक्यावरून हंडे वाहून या ओढ्यातला खळगा भरत राहिला. टाकी पुढं कितीतरी वर्षांनी झाली. बा गेला तेव्हा काकानं त्याचे पाय धरले ते लोकांनी सोडवावे लागले.

कड्यावरचं ऊन गेलं तशी मी खडकावरून उठले. घरी आले तेव्हा आई ओट्यावरच होती, घोंगडी पांघरून. सत्तरी झाली तिची. काकाच्या सुनेनं चहा आणून दिला आणि ती आत गेली. मी म्हटलं, “काका शेवटपर्यंत म्हणायचा, दादानं मला माफ केलं न्हाई.”

आईनं कपातला चहा बशीत ओतला. मग म्हणाली, “माफ कराय तुझा बा सोमावर रागावला कुठं व्हता?”

“मग?”

“सोमानं बाण लावला ते तुझ्या बानं बगितलं. लगीच न्हाई बोलला त्यो. त्यालाबी वाटलं, लागंल, घरला घिऊन जाऊ, ही जेवंल. तेवढं वाटून झालं आन मग म्हणला, ऱ्हाऊ दे. तवर सोमाची दोरी कानापत्तूर आली व्हती. मला म्हणायचा, मी आदी बोललो असतो तर त्यो थांबला असता. मीच सोडला त्यो बाण, सोमाचा निसता हात व्हता. तोंड दाखवाया लाज वाटायची त्याला सोमाम्होरं.”

माझ्या हातातला चहा गार होत होता.

“हे तू काकाला सांगितलं होतंस, आई?”

“मला वाटायचं, त्याचं त्यो सांगंल,” आई म्हणाली. “मग त्यो गेला. मग वाटलं, आता कशाला, सोमा सुखात हाय, नातवंडं खेळवतोय.”

आत काकाची सून भांडी लावत होती. आईनं घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली आणि तोंड भिंतीकडं केलं.